दोन हजार रुपयांची बचत

माझे मामा तासगावात लग्नाचं शूटिंग करतात. सुरुवात खांद्यावरच्या व्हीएचएस कॅमेऱ्यापासून, मागे दिवा धरून चालणारा एक पोऱ्या. मग डीव्ही टेप आल्या, मग डीव्हीडी, आता लोक पेनड्राइव्ह मागतात. दर वेळी त्यांनी नवीन यंत्र घेतलं, ते स्वतःचं स्वतः शिकले, आणि दर वेळी कर्ज फिटेपर्यंत ते यंत्र जुनं झालं. २०२२च्या दिवाळीआधी त्यांनी नवा मिररलेस कॅमेरा घेतला. त्याच्या फाइली घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर हलेनात, तेव्हा माडीवरच्या खोलीतलं एडिटिंगचं सगळंच नवीन करायचं ठरलं. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, म्हणजे हाताशी महिनाही नव्हता. मामांनी मला फोन केला. "सव्वा लाखात बसव काहीतरी. तुला त्यातलं कळतं. मला एवढंच सांगायचंय, एडिटिंगला बसल्यावर अडकायला नको."

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. 'तुला त्यातलं कळतं' हे वाक्य आमच्या नातेवाइकांत मला गेली आठ वर्षं ऐकायला मिळतंय, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. वास्तविक मी दिवसभर बँकेच्या व्यवहारांच्या नोंदी इकडून तिकडे नेणारा कोड लिहिते. व्हिडिओ एडिटिंग मी आयुष्यात केलेलं नाही. पण कॉम्प्युटरचे सुटे भाग निवडणं हा माझा जुना शौक आहे. स्वतःसाठी असा डबा जुळवायची हौस होती, कारण सापडत नव्हतं. ऑफिसचा लॅपटॉप असताना कशाला हवा? मामांच्या फोनमुळे मला कारण मिळालं, आणि पैसेही त्यांचेच. हे त्या वेळी मी स्वतःशीही कबूल केलं नसतं.

आठवडाभर रात्री जागून मी यादी केली. बत्तीस जीबी रॅम, एक टीबीची एनव्हीएमई, साठवणीसाठी चार टीबीची साधी हार्डडिस्क, बारा जीबीचं आरटीएक्स ३०६०, आणि इंटेलचा आय७-१२७००एफ. या शेवटच्या 'एफ'वर हे सगळं लिखाण उभं आहे, म्हणून त्याबद्दल थोडं सांगते. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत एक छोटं ग्राफिक्स आतच बसवलेलं असतं. 'एफ' लावलेल्या प्रोसेसरात ते बंद केलेलं असतं, म्हणून तो थोडा स्वस्त पडतो. तेव्हा फरक साधारण दोन हजारांचा होता. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतोच आहोत, तर आतल्या फुसक्या ग्राफिक्सचे पैसे कशाला द्यायचे, असा माझा हिशेब. हिशेब इतका सरळ होता की तो तपासावा असं वाटलंच नाही.

मामांनी मधे सांगलीतल्या त्यांच्या नेहमीच्या दुकानातून एक कोटेशन आणलं होतं. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून विचारलं, "हे कसं आहे?" ते माझ्या यादीपेक्षा अकरा हजारांनी महाग होतं, ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं, आणि प्रोसेसर १२७००, बिना 'एफ'चा. मी उत्तर पाठवलं ते अजून फोनमध्ये आहे. 'मामा, हा गोडाऊनमधला माल खपवतोय. नुसता चकवा.' सोबत हसण्याची खूण. मामा त्या दुकानात वीसेक वर्षं जातात. पण भाची इंजिनियर. त्यांनी सगळे भाग माझ्या यादीप्रमाणे ऑनलाइन मागवले, मी शनिवार-रविवार जाऊन जोडून दिले. यूपीएसचं आणि अर्थिंगचं माझ्या यादीत नावही नव्हतं. ते मामांनी आपणहून करून घेतलं होतं, कारण तासगावात वीज कशी येते-जाते हे त्यांना माहीत होतं. तेव्हाच मला थोडं सावध व्हायला हवं होतं.

पहिल्या आठवड्यात मामांचा फोन आला: आधी रात्रभर चालणारं एक्सपोर्ट आता जेवण होईस्तोवर संपतंय. मी खूश. ऑफिसात दोघांना सांगितलंसुद्धा.

फेब्रुवारीत मामेबहिणीच्या डोहाळजेवणाला गेले, तेव्हा दुपारी चहा घेऊन माडीवर गेले. मामा एका लग्नावर बसले होते. तीन कॅमेरे, म्हणजे टाइमलाइनवर तीन थर. त्यांनी स्पेसबार दाबला. आवाज सुरू झाला, चित्र एका जागी गोठलं, मग दोन-तीन धक्के खात पुढे आलं. मामांनी कपातला एक घोट घेतला. पुन्हा दाबलं, पुन्हा घोट. मी विचारलं, "असं किती दिवस होतंय?" ते म्हणाले, "पहिल्यापासून. नव्या कॅमेऱ्याच्या फाइली जड असतात ना."

मग मी त्यांचं काम नीट पाहिलं. चित्र वेळेवर येत नव्हतं म्हणून मामा आवाजावर कापत होते. मंगलाष्टकांचं प्रत्येक कडवं 'सावधान'वर संपतं, तिथे अक्षता पडतात, तिथे वरून घेतलेल्या कॅमेऱ्यावर जायचं. वाजंत्री सुरू होते तिथे नवरीच्या चेहऱ्यावर. हे सगळं त्यांना कानानं पाठ होतं. खुणा आधी आवाजावर करायच्या आणि चित्र मागाहून तपासायचं, अशी रीतच त्यांनी बसवली होती. मोसम सुरू झाल्यापासून तीन महिने. रात्री एक-दीडपर्यंत बसतात, असं मामी म्हणाली. डोळे तपासून घ्या म्हणत होती.

पुण्याला परतताना बसमध्येच मला कारण सापडलं. शोधायला वीस मिनिटं लागली. या वीस मिनिटांचं पुढे काय करायचं तेच मला अजून नीट कळलेलं नाही.

मामांचा कॅमेरा एचईव्हीसी प्रकारात, १० बिट ४:२:२ असं रेकॉर्ड करतो. एचईव्हीसीत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एखादी पूर्ण फ्रेम, आणि मधल्या फ्रेमांत फक्त काय बदललं त्याची नोंद. त्यामुळे फाइल लहान राहते, पण मधली एक फ्रेम दाखवायची तरी आजूबाजूच्या अनेक फ्रेमा उलगडाव्या लागतात. एडिटिंगमध्ये माणूस सारखा मागे-पुढे करतो, तेव्हा ही उलगडणी सतत चालते. १० बिट म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ऐवजी १,०२४ छटा. ४:२:२ हा रंगाच्या काटकसरीचा हिशेब आहे. माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तितका नाही, म्हणून रंगाची माहिती कमी साठवली तरी चालतं. ४:२:२मध्ये ती निम्मी ठेवतात, नेहमीच्या ४:२:०मध्ये पाव. मामांनी ४:२:२ निवडलं होतं, कारण हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल कार्यालयातल्या ट्यूबलाइटखाली फाटतो. रंग दुरुस्त करायला जागा हवी. हे त्यांनी मला सांगितलंही होतं. मी 'हो का' म्हणाले होते.

आता गंमत अशी की आरटीएक्स ३०६०ला एचईव्हीसीचं ४:२:० उलगडता येतं, अगदी ४:४:४सुद्धा उलगडता येतं, मधलं ४:२:२ मात्र येत नाही. एनव्हिडियाच्या कार्डांना ते २०२५च्या ५० मालिकेपासून जमायला लागलं. आणि इंटेलच्या त्या 'फुसक्या' आतल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाचा जो भाग असतो, त्याला ते केव्हाच जमत होतं. म्हणजे मामांच्या कामाला सगळ्यात जास्त लागणारा भाग मी दोन हजार वाचवायला काढून टाकला होता, आणि सगळं ओझं प्रोसेसरच्या गळ्यात घातलं होतं. तीन-तीन थरांचं ४के त्याला झेपत नव्हतं. एक्सपोर्ट मात्र झटपट होत होतं, कारण तयार फाइल बांधायचं काम कार्ड करत होतं. सांगलीच्या दुकानदाराला बहुधा एडियसच्या दिवसांपासून हे ठाऊक असणार. मामा कालपरवापर्यंत एडियसवरच काम करत, आणि ते सॉफ्टवेअर क्विक सिंक वापरतं.

एक्सपोर्टचा वेग मी पाहिला, कारण परीक्षणांच्या तक्त्यांत तोच दिलेला असतो. तो मोजायला सोपा. पण एक्सपोर्ट माणूस झोपला असताना झालं तरी चालतं. माणूस समोर बसलेला असताना चित्र थांबणं हा मामांचा त्रास होता, आणि त्यांनी तो पहिल्याच फोनवर सांगितला होता: बसल्यावर अडकायला नको. 'बसल्यावर' हा शब्द मी ऐकलाच नाही.

विल्यम किंग्डन क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाचं नाव आमच्यासारख्यांना त्याच्या बीजगणितामुळे ऐकून माहीत असतं. त्याने १८७७ साली 'द एथिक्स ऑफ बिलीफ' नावाचा निबंध लिहिला. त्याची सुरुवात एका जहाजमालकाच्या गोष्टीने होते. जहाज जुनं आहे, दुरुस्तीला आलंय, हे त्याला कळतंय. पण एवढ्या सफरी पार पडल्या, हीही पडेल, अशी तो स्वतःची समजूत घालतो. बांधणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेणं बरं नव्हे, असंही स्वतःला बजावतो. होता होता त्याची खरोखर खात्री पटते. जहाज प्रवाशांसकट बुडतं. क्लिफर्डचं म्हणणं असं, की त्याची खात्री प्रामाणिक होती याने काही फरक पडत नाही. समोरच्या पुराव्यावर तशी खात्री बाळगायचा त्याला हक्कच नव्हता. (क्लिफर्ड स्वतः १८७० साली ग्रहण पाहायच्या मोहिमेवर असताना सिसिलीजवळ जहाज फुटून वाचला होता. तेव्हा हे उदाहरण त्याला टेबलाशी बसून सुचलेलं नसावं.)

माझी गोष्ट त्याच्या उलट्या बाजूने तशीच आहे. जहाजमालकाने बांधणाऱ्यांवर उदारपणे विश्वास टाकला, मी दुकानदारावर अनुदारपणे संशय घेतला. दोघांचीही तपासायची मेहनत वाचली. दुकानदाराचं कोटेशन हा पुरावा होता. माझ्यापेक्षा वेगळी निवड करणारा, रोज लग्नवाल्यांना कॉम्प्युटर विकणारा माणूस. 'हा बिना एफचा का घेतोय?' एवढा प्रश्न मला पडला असता तर ती वीस मिनिटं मी ऑक्टोबरातच घालवली असती. पण त्याचा हेतू मला आधीच माहीत होता, त्यामुळे त्याच्या म्हणण्याकडे पाहायची गरज उरली नाही.

क्लिफर्ड पुढे जे म्हणतो ते जास्त टोचतं. समजा जहाज बुडालं नसतं, सुखरूप पोचलं असतं, तरी मालकाचा दोष कणभरही कमी होत नाही. तो पकडला गेला नसता, इतकंच. हे वाचून मी यादी केली. आजवर माझ्या सल्ल्याने नातेवाइकांत आणि ओळखीत अकरा कॉम्प्युटर घेतले गेलेत. मामांचा सोडून दहा. त्या दहांतही मी कामाचं काही विचारलं नव्हतं. बजेट विचारलं, आणि मला आवडेल ते सांगितलं. एका काकांनी सोसायटीचे हिशेब ठेवायला माझ्या सांगण्यावरून बत्तीस जीबी रॅम घेतलंय. क्लिफर्डच्या हिशेबाने मी त्या दहाही जणांची तितकीच देणेकरी आहे. पण मला झोप लागत नव्हती ती मामांमुळे. काकांचं आठवून हसू येतं. मग हा हिशेब चुकलाय की माझं मन?

बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाने १९७६ साली 'नैतिक नशीब' या विषयावर मांडणी केली, त्यात एक ट्रकचालक आहे. काहीही चूक नसताना त्याच्या गाडीखाली एक मूल सापडतं. रस्त्यावरून पाहणाऱ्यालाही वाईट वाटेल, पण चालकाला जे वाटेल ते वेगळ्या जातीचं असेल, कारण ते त्याच्या हातून घडलंय. लोक त्याला समजावतील, तुझा काय दोष, आणि ते बरोबरही असेल. पण तो स्वतःच फार चटकन 'हो, माझा काय दोष' म्हणून मोकळा झाला तर आपल्याला तो माणूस कसासाच वाटेल. विल्यम्सच्या बाजूने पाहिलं तर माझं मन ठीक आहे. मामांच्या तीन महिन्यांच्या रात्री माझ्या हातून गेल्या, काकांचं फक्त रॅम रिकामं बसलंय.

तरी मला विल्यम्सकडे पूर्ण जाववत नाही. त्या चालकाचा दोष नव्हता, माझा होता. आणि या खंतेत एक सोयही आहे: ज्याचं नुकसान डोळ्यांनी पाहिलं त्याच्यापुरतंच वाईट वाटून घेता येतं. ऑफिसात मी एका ओळीचा बदल केला तरी तो दुसरी व्यक्ती वाचते, चाचणीच्या यंत्रणेवर चालतो, बिघडला तर परत फिरवायची तजवीज आधी असते. मामांच्या सव्वा लाखांसाठी यातलं मी काहीच केलं नाही. एका लग्नाची फाइल मागवून कुणाच्या तरी मशीनवर चालवून पाहता आली असती. ऑफिसात जाब विचारणारं कुणीतरी असतं, मामा विचारणार नव्हते. मी पैसे घेतले असते तर त्यांनी पहिल्याच आठवड्यात 'हे अडकतंय' म्हणून फोन केला असता. फुकट सल्ला घेतलेल्या माणसाला तक्रार करणं कृतघ्नपणाचं वाटतं. मामा तर त्याच्याही पलीकडे गेले. अडकतंय हे त्यांना दिसत होतं. पण भाचीने दिलंय म्हणजे बरोबरच असणार, फाइली जड असणार, आपलेच हात आता मंद झाले असणार, असं त्यांनी धरून चाललं. मी त्यांना वाईट कॉम्प्युटर दिला यापेक्षा, तीस वर्षं यंत्रं हाताळणाऱ्या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा काढून घेतला, हे मला मोठं वाटतं.

भरपाई करायची तर सोपी होती. बोर्ड तोच चालतो, फक्त प्रोसेसर बदलायचा आणि बायॉसमध्ये जाऊन आतलं ग्राफिक्स चालू करायचं. बिना एफचा १२७०० तीस हजारांच्या आसपास पडत होता. पण भाचीकडून मामा पैसे घेणार? आमच्याकडे मामाने भाचीला द्यायचं असतं, उलटं होत नाही. भाऊबीजेला आईला ओवाळणी देताना ते माझंही पाकीट वेगळं ठेवतात, अजून. तेव्हा मी खोटं बोलले. म्हणाले, "मामा, त्या प्रोसेसरात खोट होती, वॉरंटीत बदलून मिळाला." पुढच्या शनिवारी जाऊन बसवला. मामांनी स्पेसबार दाबला, तिन्ही थर सुरळीत चालले. त्यांनी कप उचललाच नाही, चहा निवला.

या खोट्याचं काय झालं ते सांगते. तासगाव-विट्यातल्या दोन शूटिंगवाल्यांचे मला फोन आले. मामांनी त्यांना सांगितलं होतं की आमच्या भाचीला बघितल्या बघितल्या कळलं, कंपनीकडून पार्ट बदलून घेतला तिनं. म्हणजे माझ्या चुकीचं माझ्या हुशारीत रूपांतर झालं होतं, आणि त्या जोरावर आणखी दोन माणसं त्यांचे दीड-दीड लाख माझ्या हवाली करायला निघाली होती. पैसे भरल्याने मामांचं नुकसान भरून निघालं, पण त्यांना जी एक गोष्ट कळायला हवी होती, की त्यांचे डोळे बरोबर होते आणि मी चूक, ती मीच त्या प्रोसेसरच्या खोक्यात घालून झाकून टाकली.

मागच्या महिन्यात फोन करून सांगितलं. एफ काय, दोन हजार काय, वॉरंटी कशी नव्हतीच, सगळं. हे लिहिणार आहे तेही सांगितलं. मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे माझे हात काय मंद झाले नव्हते." मी म्हटलं, "नाही." पुन्हा थोडा वेळ गेला. मग त्यांनी विचारलं, "तो आधीचा प्रोसेसर कुठंय?" माझ्या कपाटात पडून आहे, म्हटलं. "पडून काय ठेवलास? आमच्या पोराला अल्बम डिझाइनला मशीन करायचंय. जुनं कार्ड आहेच माझ्याकडं, त्याच्यासोबत चालंल ना?" चालेल, म्हटलं; फोटोंना काही अडचण नाही. पण या वेळी म्हटलं, तो नेमकं काय काय करतो ते मला आधी त्याच्याशी बोलून बघू दे.

ते ठीक आहे म्हणाले. पैशांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. फोन ठेवता ठेवता त्यांना आठवलं. "त्या सांगलीच्या दुकानदाराला मी त्या वेळी चार माणसांसमोर बोललो होतो. तुझा मेसेज दाखवला होता त्याला. तेव्हापासनं गेलो नाही तिकडं." मग म्हणाले, "त्याला मी सांगू, का तू सांगतेस?"

पोरासाठी बोर्ड आणि रॅम घ्यायचंच आहे. येत्या रविवारी दुकान अर्धा दिवस उघडं असतं, असं मामा म्हणाले. सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय.